अडॅप्टरवरचा दुसरा आकडा

मित्रांनो, आपल्या हॉस्टेलमध्ये रात्री साडेदहानंतर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं? "अभ्यास झाला का?" हे नक्कीच नाही. "मेसमध्ये काय आहे?" हेही नाही, कारण तोवर मेसमध्ये जे काही होतं ते संपून गेलेलं असतं. ते वाक्य म्हणजे, "अबे, बारीक पिनचा अडॅप्टर आहे का कोणाकडे?"

मग कोणीतरी पलंगाखालचं खोकं ओढतो. त्यात गेल्या चार बॅचनी मागे ठेवलेला वारसा असतो. राऊटरचे, जुन्या मोडेमचे, स्पीकरचे, कुठल्यातरी खेळण्याचे काळे ठोकळे, एकमेकांत वायर गुंतलेले. त्यातून एकेक काढून पिन लावून बघायची. पिन बसली की लग्न जमलं! फार हुशार मुलगा असेल तर तो उजेडात धरून व्होल्ट वाचतो. त्याच्या शेजारी छापलेला दुसरा आकडा, अँपियरचा, तो मात्र कोणी वाचत नाही. आणि ज्यांनी वाचला ते त्याचा अर्थ उलटा लावतात, "अरे, हा पाच अँपियरचा आहे, राऊटर जळून जाईल!"

मीही याच पंथातला. दोन वर्षं बेसिक इलेक्ट्रिकल शिकून, ओहमचा नियम तोंडपाठ म्हणून, परीक्षेत त्यावर दहा मार्क घेऊनसुद्धा. तो दुसरा आकडा मला समजला तो वर्गात नाही, घरी, धानाच्या बांधीत. आणि त्याची फी भरली माझ्या बाबांनी.

पडवीतलं मशीन

माझं गाव सिंदेवाही तालुक्यात. घरामागे आमची बांधी, बांधीच्या पलीकडे नाला आणि नाल्याच्या पलीकडे जंगल. वैनगंगेच्या या बाजूला चंद्रपूर जिल्हा, त्या बाजूला गडचिरोली; पण धान निसवून लोंबीत दूध भरलं की दोन्हीकडच्या शेतकऱ्याची झोप एकाच कारणाने उडते. रानडुक्कर. डुकरं जेवढं खातात त्याच्या कितीतरी पट तुडवतात. पूर्वी लोक मचाणावर जागलीला जायचे. आता वाघाच्या भीतीने रात्रीची जागल करायला घरातली बायामाणसं जाऊ देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

म्हणून आमच्याकडे झटका मशीन आहे. घराच्या पडवीत एक डबा, त्याला १२ व्होल्टची ७ अँपियर-अवरची बॅटरी, छपरावर सोलरचं छोटं पॅनल आणि बांधीभोवती खांबांवर ओढलेली तार. मशीन चालू असलं की दर सेकंदाला त्यातून 'टक्, टक्' असा आवाज येतो. आमच्याकडे त्या दिवसांत सगळं घर त्या आवाजावर झोपतं. आवाज थांबला की आईला जाग येते.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी पोचलो तर बाबा हिरमुसले होते. तीन वर्षांची बॅटरी बसली होती. दिवसभर उन्हात चार्ज होऊनही रात्री अकरापर्यंत टिकत नव्हती. नवी घ्यायला तालुक्याला जायचं, त्यात सणाचे दिवस, दुकान बंद. मी म्हणालो, "बाबा, काळजी नका करू." माझ्या बॅगेत हॉस्टेलच्या खोक्यातला एक अडॅप्टर होता. वाचलं, १२ व्होल्ट. मशीनवर वाचलं, १२ व्होल्ट. पिन लावली, बसली. बॅटरी काढून अडॅप्टर पडवीतल्या सॉकेटला लावला. लाल दिवा लागला. 'टक्' असा आवाज आला. आईने माझ्याकडे जे बघितलं ना मंडळी, तसं तिने माझ्या बारावीच्या निकालालाही बघितलं नव्हतं.

रात्री कधीतरी तो आवाज 'टक्, टक्' चा 'टक्.......... टक्' झाला आणि मग कधी थांबला ते कोणालाच कळलं नाही. सकाळी बांधीचा नाल्याकडचा कोपरा रोलर फिरवल्यासारखा झोपलेला होता. अडॅप्टरला हात लावला तर चटका बसला. उचलून बघितलं. १२ व्होल्ट, ०.५ अँपियर. मग मशीनच्या मागचं लेबल पुसून वाचलं. १२ व्होल्ट, १.५ अँपियर.

बाबा काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं जास्त लागतं. पण शेजारच्या बांधीवाले काका आले होते, ते बोलले, "कायले मशीन-बिशीनच्या नादी लागता? रातच्याला लाईनवरून एक तार सोडायची, सकाळी काढून घ्यायची. डुक्कर बी मिळते, धान बी वाचते."

मी ताडकन् म्हणालो, "काका, माणूस मरेल त्याने!" तेव्हा बाबांनी मला एक प्रश्न विचारला.

"बाबू, या डब्यावर आठ हजार व्होल्ट लिवून हाय. लाईनीत तं दोनशे तीसच. मंग कमी व्होल्टवाली तार जास्त घातक कशी?"

मित्रांनो, खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. "असंच असतं" म्हणून मी आत निघून गेलो. या लेखात मी ते उत्तर लिहितो आहे. गंमत म्हणजे बाबांच्या प्रश्नाचं उत्तर आणि माझ्या अडॅप्टरच्या फजितीचं उत्तर एकच निघालं.

दोन आकडे, दोन वेगळ्या गोष्टी

अडॅप्टरच्या लेबलावर 'आउटपुट' या शब्दापुढे दोन आकडे असतात. समजा, १२ व्होल्ट, २ अँपियर. आपण दोन्ही आकडे एकाच नजरेने वाचतो, आणि तिथेच चुकतो.

पहिला आकडा, व्होल्ट, ही अडॅप्टर करतो ती गोष्ट. काही लावा किंवा न लावा, तो आपल्या दोन टोकांमध्ये १२ व्होल्ट ठेवायचा प्रयत्न करतो. दुसरा आकडा, अँपियर, ही अडॅप्टर करू शकतो ती गोष्ट. २ अँपियर म्हणजे 'मी दोन अँपियर ढकलीन' असं नाही. 'दोन अँपियरपर्यंत मागा, मी व्होल्ट पडू देणार नाही आणि गरमही होणार नाही' असं ते वचन आहे.

मग प्रत्यक्षात किती अँपियर वाहणार हे कोण ठरवतं? मागणारा. म्हणजे तुमचं उपकरण. ओहमचा नियम आठवा, करंट म्हणजे व्होल्ट भागिले रोध. समजा एखादा राऊटर १२ व्होल्टवर जास्तीत जास्त १ अँपियर घेतो. म्हणजे अडॅप्टरच्या नजरेतून तो तेव्हा १२ ओहमच्या रोधासारखा आहे. आता त्याला १ अँपियरचा अडॅप्टर लावा, २ चा लावा, नाहीतर १० चा लावा. व्होल्ट १२ च असतील तर १२ भागिले १२ म्हणजे एकच अँपियर वाहणार. बाकीची ताकद अडॅप्टरमध्ये पडून राहते.

बाबांना मी हे बैलांवरून सांगितलं. वीस क्विंटल ओढणाऱ्या जोडीला पाच क्विंटलची बंडी जुंपली तर बंडी मोडत नाही. पाच क्विंटलवाल्या जोडीला पंधरा क्विंटलची जुंपली तर बैल गुडघ्यावर येतात. माझा ०.५ अँपियरवाला अडॅप्टर रात्रभर गुडघ्यावर होता.

व्होल्टचं मात्र तसं नाही. तिथे जास्त म्हणजे जास्तच. १२ व्होल्टच्या राऊटरला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर तो 'मला नको' म्हणू शकत नाही. आतल्या कपॅसिटरवर आणि आयसीवर तो दाब येऊन बसतोच. म्हणून लक्षात ठेवायचं सूत्र एवढंच: व्होल्ट बरोबर तेवढेच, अँपियर तेवढे किंवा जास्त.

दोन्ही आकड्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवरून ऊर्जानगरच्या ज्या चिमण्या दिसतात, त्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट. हाही करू शकतो तो आकडा बरं का. राज्याने मागितलं तरच तेवढं द्यायचं. चंद्रपूरहून मुंबईच्या दिशेला पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरची जी डीसी लाईन १९९९ पासून आहे, तिची क्षमता १५०० मेगावॅट. एक तार अधिक ५०० किलोव्होल्टवर, दुसरी उणे ५०० वर, म्हणजे दोन्हींमध्ये दहा लाख व्होल्ट. भागाकार करा, १५०० अँपियर. हीच वीज २३० व्होल्टने पाठवायची ठरवली तर ६५ लाख अँपियर लागतील आणि तेवढी जाड तार ओढायला बहुधा बल्लारपूर ते मुंबई तांब्याचा रस्ताच करावा लागेल! एवढ्या मोठ्या कारभाराला लागू होतं तेच गणित तुमच्या खोक्यातल्या काळ्या ठोकळ्याला.

अँपियर कमी पडले तर काय होतं?

तीनपैकी एक काहीतरी होतं.

एक, चांगला अडॅप्टर असेल तर तो स्वतःला वाचवतो. मागणी मर्यादेबाहेर गेली की आउटपुट बंद करतो, क्षणभर थांबतो, पुन्हा चालू करून बघतो, पुन्हा बंद. राऊटरचे दिवे लागतात-विझतात, एक्स्टर्नल हार्डडिस्क 'किर्र' करून थांबते आणि आपण म्हणतो की डिस्क गेली. डिस्क गेलेली नसते. तिची मोटर फिरायला सुरुवात करताना चालू स्थितीपेक्षा जास्त करंट घेते, तेवढा मिळत नसतो एवढंच.

दोन, अडॅप्टर बंद पडत नाही पण व्होल्ट पडतात. १२ चे १० होतात, ९ होतात. उपकरण अर्धवट चालतं. ही अवस्था फसवी, कारण दिवा लागलेला असतो. दिव्याला काय, पाच-दहा मिलीअँपियर पुरतात. माझ्या मशीनचा लाल दिवाही रात्रभर लागलेला होता.

तीन, अडॅप्टर स्वस्तातला असेल तर तो मुकाट्याने देत राहतो, तापत राहतो आणि शेवटी वास येतो. गादीवर ठेवलेला असेल तर पुढचं सांगायला नको.

माझ्या मशीनचं गणित मी नंतर मांडलं. समजा एका झटक्यात ३ जुल ऊर्जा जाते आणि दर सेकंदाला एक झटका. म्हणजे ३ वॅट. आतल्या सर्किटमधली गळती धरून ४.५ वॅट म्हणू. १२ ने भागलं की ०.३७५ अँपियर. "मग ०.५ चा अडॅप्टर पुरायला हवा होता की!" मीही हेच म्हणालो. पण ही सरासरी झाली. मशीन आपला कपॅसिटर सेकंदभर सावकाश भरत नाही. समजा ते एक तृतीयांश सेकंदात भरून मोकळं होत असेल, तर तेवढ्या वेळात त्याला तिप्पट, म्हणजे १.१ अँपियरच्या वर करंट लागेल. लेबलवरचे १.५ अँपियर हे त्या क्षणाचे असतात. लेबल छापणारा मूर्ख नसतो, वाचणारा आळशी असतो.

हॉस्टेलमधली उदाहरणं

लॅपटॉप: मित्राचा अडॅप्टर १९ व्होल्ट ४.७४ अँपियर, म्हणजे ९० वॅट. तुमचा १९ व्होल्ट ३.४२ अँपियर, म्हणजे ६५ वॅट. पिन आणि तिची अधिक-उणे बाजू तीच असेल तर त्याचा तुम्हाला चालतो. तुमचा त्याला लावला तर लॅपटॉप एकतर नाकारतो, नाहीतर चालतो पण बॅटरी भरत नाही आणि अडॅप्टरवर पोळी भाजता येते. पिन बसते म्हणून १९ च्या जागी दुसऱ्या व्होल्टचा लावू नका, एवढं पाळा.

मोबाईल: इथे घाबरायचं कारण सगळ्यात कमी. फोनमध्ये किती करंट घ्यायचा हे फोनचंच सर्किट ठरवतं. टाइप-सी केबलवर पॉवर डिलिव्हरी असलेला चार्जर तर आधी ५ व्होल्टच देतो, मग फोनशी बोलून दोघांनी कबूल केलेले व्होल्ट वाढवतो. म्हणून लॅपटॉपच्या ६५ वॅटच्या टाइप-सी चार्जरने फोन जळत नाही. उलट लॅपटॉपच्या जुन्या यूएसबी २.० पोर्टवर ठरलेली मर्यादा ५०० मिलीअँपियर, म्हणजे अडीच वॅट. त्यावर आजचा फोन लावून "चार्जच होत नाही यार" म्हणण्यात अर्थ नाही.

एक्स्टेंशन बोर्ड: रेक्टर सर हा परिच्छेद वाचून खूश होतील. बोर्डावर ६ अँपियर लिहिलेलं असतं. पाणी तापवायचा रॉड १५०० वॅटचा, भागिले २३०, म्हणजे साडेसहा अँपियर. एकटा रॉडच मर्यादेबाहेर. त्याच बोर्डावर कोणी मॅगीसाठी केटल लावली की तेरा. इथे बोर्ड आणि त्याची वायर अडॅप्टरच्या जागी आहेत, आणि रॉड मागणारा. तो मागून घेणारच; बोर्डाला 'नाही' म्हणता येत नाही, फक्त वितळता येतं.

जिथे 'जास्त चालतं' हे चालत नाही

आता अपवाद. ते सांगितले नाहीत तर कोणीतरी माझ्या नावाने काहीतरी जाळेल.

पहिला, एलईडीचा ड्रायव्हर. छताच्या पॅनल लाईटमागच्या डबीवर बहुतेक वेळा एक ठराविक करंट लिहिलेला असतो, उदाहरणार्थ ३०० मिलीअँपियर, आणि व्होल्टची मात्र 'इथपासून इथपर्यंत' अशी पट्टी. हा ड्रायव्हर आपल्या साध्या अडॅप्टरच्या उलट वागतो. तो करंट कायम ठेवतो आणि व्होल्ट हलवतो. इथे अँपियर खरोखरच ढकलले जातात. म्हणून इथे करंट बरोबर तेवढाच हवा, जास्त चालत नाही.

दुसरा, उघडी बॅटरी. बॅटरीच्या आत 'मला किती हवं' हे ठरवणारा कोणी नसतो. रिकाम्या लेड-अॅसिड बॅटरीला मोठा सप्लाय थेट जोडला तर सुरुवातीला ती भसाभस ओढते आणि तापते. आमच्या ७ अँपियर-अवरच्या बॅटरीला साधारण दहावा भाग, म्हणजे ०.७ अँपियरच्या आसपास चार्जिंग बरं. शिवाय १२ व्होल्टची बॅटरी १२ व्होल्टने भरत नाही. तिला कायम जोडून ठेवायचं तर साधारण १३.८ व्होल्ट लागतात. म्हणून बॅटरीला चार्जरच लावा, अडॅप्टर नको.

तिसरा अपवाद म्हणजे माणूस. आणि वाघ. आता बाबांच्या प्रश्नाकडे येतो.

आठ हजार आणि दोनशे तीस

झटका मशीन व्होल्ट खूप दाखवतं, पण देण्यासारखं त्याच्याजवळ फार थोडं असतं. त्याच्या आतला कपॅसिटर म्हणजे खिसा. तो भरतो, सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात तारेकडे रिकामा होतो, आणि पुढच्या झटक्याला सेकंद घेतो. अशा मशीनच्या आंतरराष्ट्रीय मानकात एका झटक्याची ऊर्जा ५ जुलच्या आत ठेवलेली आहे. डुकराला सणसणीत लागतं, पण दोन झटक्यांच्या मध्ये स्नायू सुटतात आणि ते मागे उडी मारून पळतं. माणसालाही तसंच. म्हणजे हा मुद्दाम कमी रेटिंगचा सप्लाय आहे. त्याचं लहान असणं हीच त्याची सुरक्षितता.

आता लाईनची तार. गावाच्या १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला एका फेजवर सव्वाशेच्या वर अँपियर देता येतात. चिखलात अनवाणी उभं असलेलं ओलं शरीर साधारण १००० ओहमचं धरा. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपियर. मागणारा कोण? शरीर. ते बिचारं ठरवून मागत नाही, पण रोध तेवढा आहे म्हणून करंट तेवढा वाहतो. ट्रान्सफॉर्मरच्या सव्वाशे अँपियरपुढे ०.२३ म्हणजे काहीच नाही. त्याला कळतही नाही की आपण काय देतो आहोत. ६ अँपियरचा एमसीबी असला तरी तो पडत नाही, कारण त्याच्या लेखी ही एका पन्नास वॅटच्या बल्बची मागणी आहे. पण छातीतून ०.०३ अँपियरच्या वर करंट गेला तर जीव धोक्यात येतो. म्हणूनच घरातला आरसीसीबी ३० मिलीअँपियरचा असतो. आकडे शेजारी ठेवून बघा. मशीनकडून फार तर ५ जुल आणि मग विश्रांती. लाईनकडून दर सेकंदाला ५३ जुल, न थांबता. स्नायू आवळले जातात, हात तारेवरून सुटत नाही.

म्हणजे ज्या नियमाने मोठा अडॅप्टर छोट्या राऊटरला जाळत नाही, त्याच नियमाने मोठी लाईन छोट्या शरीराला सोडत नाही. 'देणारा मर्यादा घालत नाही, घेणाऱ्याचा रोध ठरवतो.' राऊटर १२ व्होल्टसाठी बनवलेला आहे. शरीर २३० साठी बनवलेलं नाही.

आणि तारेला काय माहीत की येणारं डुक्कर आहे? २०१७ च्या एप्रिलमध्ये नागभीडजवळ श्रीनिवास नावाचा वाघ शेताला सोडलेल्या अशाच तारेने मेला. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध 'जय'चा तो बछडा. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. कुठे जातो, कुठे थांबतो यावर लक्ष होतं. तरी तो वाचला नाही. आमच्या गावापासून नागभीड फार लांब नाही. वाघाची निदान बातमी होते. पहाटे बांधीवर पाणी बघायला गेलेला शेजारी तारेत सापडला तर एका घरातला माणूस जातो आणि दुसऱ्या घरातला तुरुंगात. वीज कायदा आहे, वन्यजीव संरक्षण कायदा आहे, पण कायदा सकाळी येतो. तार रात्रीच काम करून गेलेली असते.

शेवटी काय केलं?

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी आणि बाबा सिंदेवाहीला गेलो. नवी बॅटरी दोन दिवसांनी येणार होती. तोवरसाठी सीसीटीव्हीवाल्याच्या दुकानातून १२ व्होल्टचा अडॅप्टर घेतला. दुकानात २ अँपियरचा नव्हता, ५ चा होता. बाबांनी हातात घेऊन वाचला आणि म्हणाले, "पाच? मशीन दीडचं हाय ना? जळन नाही का?"

मी म्हणालो, "बाबा, वीस क्विंटलची जोडी."

घरी आलो, आधी मीटरने व्होल्ट बघितले, पिनची अधिक-उणे बाजू मशीनवरच्या खुणेशी ताडून बघितली, मग जोडला. टक्. टक्. टक्. दर सेकंदाला एक, घड्याळ लावून मोजले. रात्री दोनदा उठून अडॅप्टरला हात लावला, कोमट होता. दोन दिवसांनी बॅटरी आली आणि अडॅप्टर काढून ठेवला, कारण लाईन गेली की अडॅप्टर जातो आणि डुकरांना भारनियमनाचं वेळापत्रक पाठ असतं!

संध्याकाळी काका पुन्हा पडवीत येऊन बसले होते. त्यांना मी काही सांगायच्या आधी बाबांनीच सुरुवात केली. माझे ओहम आणि जुल त्यांनी वापरले नाहीत. ते म्हणाले, "मशीनच्या खिशात पाच रुपये हायत, झटका मारला का संपले. लाईन म्हंजे सावकाराची तिजोरी हाय गा. माणूस खपते, थे सरत नाही." काका काही वेळ नुसतेच टक् टक् ऐकत बसले. मग त्यांनी मशीन कितीला पडलं ते विचारलं. वनखात्याकडून सौर कुंपणाला अनुदान मिळतं तेही बाबांनी सांगितलं. काकांनी अर्ज केला आहे. अजून मिळालेलं नाही, पण तार सोडलेली नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी खोक्यातून अडॅप्टर काढाल तेव्हा पिन बसते का हे सगळ्यात शेवटी बघा. आधी एसी आहे की डीसी, मग व्होल्ट तेवढेच का, मग अँपियर तेवढे किंवा जास्त का, मग पिनच्या आत अधिक की उणे. आणि जोडल्यावर दहा मिनिटांनी हात लावा. चटका बसला तर तो अडॅप्टर गुडघ्यावर आला आहे असं समजा आणि काढून ठेवा.

त्या ०.५ अँपियरवाल्या अडॅप्टरचं काय झालं विचाराल तर तो मी परत आणून खोक्यात टाकला आहे. त्यावर पांढरी पट्टी चिकटवून मोठ्या अक्षरात त्याचा दुसरा आकडा लिहिला आहे. बाकीच्यांवरही लिहायला घेतलं आहे. पट्टी संपली आहे, कोणाकडे असेल तर आणून द्या.